ज्वारीची शीग आणि माझी सातवी

आमच्या गणिताच्या मास्तरांनी मला फसवलं. सहावीच्या वर्गात, दिवसाढवळ्या, सगळ्या पोरांसमोर फसवलं, आणि त्याचा फायदा अत्ताराच्या मुलाला मिळाला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण खामगावच्या बाजारात मला ओळखणारे लोक म्हणतात की या माणसाला फसवणारा अजून जन्मायचा आहे. तो केव्हाच जन्मला होता. लोणारला जन्मला होता, काळी टोपी घालायचा, तपकीर ओढायचा आणि सरकारी पगार घ्यायचा.

आमचं गाव धाड या बाजाराच्या गावापासून कोसभर आत. वडिलांचा धंदा धान्याचा. धंदा म्हणजे दुकान नव्हे. आठवड्याच्या बाजाराला धाडला जायचं, जमिनीवर पोतं पसरायचं आणि ज्वारी, तूर, मूग, हरभऱ्याचे ढीग लावून ओरडत बसायचं. ओरडण्याचं काम लवकरच माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज तेव्हाही आजच्यासारखाच होता. त्या पोत्यावर बसून मी पहिली गोष्ट शिकलो ती शीग. माप भरलं की काठाच्या वर धान्याचा जो सुळका उभा राहतो, ती शीग. आमच्याकडे ज्वारी शिगेनं मापतात आणि कडधान्य सपाट, काठावरून हात फिरवून. असं का, ते कोणी विचारत नाही. ज्वारी मापताना एखाद्यानं काठावरून हात फिरवला तर गिऱ्हाईक भांडत नाही, नुसतं त्या हाताकडे पाहतं आणि उठून जातं.

"आठ मापं शिगेची देल्ली का नववं गेलं समज," वडील म्हणत. "शीग म्हंजे मापाचा आठवा हिस्सा. भाव सांगतानी थे ध्यानात ठेवजो. नाई तं आपलं पोतं हासत हासत लोकायच्या घरी जाईन."

पाढे मी नंतर शिकलो. हे आधी.

मी सहावीत गेलो त्या वर्षी मास्तर आमच्या शाळेत बदलून आले. पहिल्या दिवशी त्यांनी नागपूरकडून आलेलं गणिताचं पुस्तक उघडलं. त्यात एका हौदाला दोन नळ होते. एक नळ हौद भरत होता, दुसरा रिकामा करत होता.

"या गावात नळ आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"नाई जी."

"हौद?"

"मशिदीत हाये जी," अत्ताराचा मुलगा म्हणाला. "पण त्याले नळ नाई. आम्ही बादलीनं भरतो."

"आणि एकानं भरावा, दुसऱ्यानं उपसावा, असं तिथं कोणी करतं का?"

"केलं तं मौलवी कान धरतीन."

मास्तरांनी पुस्तक मिटलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाले, "मौलवींचं बरोबर आहे. चला, बाहेर."

तेव्हापासून आमचं गणित बहुतेक शाळेच्या बाहेरच होऊ लागलं. अपूर्णांक आम्ही भाकरीवर शिकलो. प्रत्येकानं घरून भाकरी आणायची. एकाच्या भाकरीचा तिसरा हिस्सा, दुसऱ्याच्या भाकरीचा चौथा हिस्सा, दोन्ही मिळून किती झाले ते आधी सांगायचं आणि मग खायचं. ज्याचं उत्तर चुकलं त्यानं बसून पाहायचं. बाराचे भाग पाडल्याशिवाय तिसरा आणि चौथा हिस्सा एका ताटात बसत नाहीत, हे आम्हाला भुकेनं शिकवलं. फक्त एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. बेरीज, वजाबाकी काहीही असो, उरलेला तुकडा प्रत्येक वेळी मास्तरांकडे जायचा. ते त्याला बाकी म्हणायचे. एकदा भेंडीच्या भाजीसकट काहीच बाकी उरणार नाही, असं गणित मी जमवलं. मास्तर माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून गणितं अवघड झाली.

शाळेमागच्या कडुनिंबाची उंची आम्ही सावलीवरून काढली. हातभर काठी उन्हात उभी करायची, तिची सावली मोजायची, मग झाडाची सावली मोजायची, आणि त्रैराशिक मांडायचं. मी काठीची सावली पाहिली, झाडाच्या सावलीवरून चालत गेलो आणि उत्तर ओरडून टाकलं. अत्ताराचा मुलगा पाटी मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं ओळीखाली ओळ लिहिली, रेघा मारल्या, उत्तराभोवती चौकट काढली. तोवर सावली सरकली होती. पण मास्तरांनी माझ्या उत्तराला मान डोलावली आणि त्याच्या पाटीला शाबासकी दिली. तिथूनच आमचं सुरू झालं.

हा मुलगा कोण, ते सांगायला हवं. त्याचा बाप गावोगाव अत्तर, सुरमा, कंगवे आणि बांगड्या विकायचा. त्यामुळे याच्या अंगाला नेहमी हिना आणि केवडा यांच्यामधला काहीतरी वास यायचा. स्वभावानं थंड. मी दहा शब्द बोललो की तो एक बोलायचा, आणि तो एक शब्द मला दिवसभर पुरायचा.

"तू तोंडानं गणित करते," तो म्हणायचा, "मी पाटीवर करतो. तोंड पुसल्या जाते, पाटी वाचता येते."

"पाटी बी पुसल्या जाते बे."

"हाव. पण पहिले वाचता येते."

आता वर्गात दर शनिवारी भरणाऱ्या बाजाराचं. हा खेळ मास्तरांनी आमच्या बैलबाजारात पाहून उचलला होता. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. आजूबाजूच्यांना फक्त दोन चेहरे दिसतात, आणि ते चेहरे खोटं बोलण्यात तरबेज असतात. मास्तरांनी तेच वर्गात आणलं. शनिवारी दोन पोरं समोर बसायची, एकाकडे एक धान्य, दुसऱ्याकडे दुसरं. उपरण्याखाली हात देऊन अदलाबदलीचा दर ठरवायचा: इतकी मापं याची, तर इतकी त्याची. मग उपरणं काढायचं आणि दोघांनी एकाच वेळी भराभर माप टाकायला लागायचं. बाकीच्या वर्गानं दोन्हीकडची मापं मोजायची आणि दर काय ठरला असेल ते ओळखायचं. आम्ही मोजत असताना मास्तर मुद्दाम मध्येच विचारायचे, "काय रे, तुझी म्हैस व्याली का?" म्हशीचं उत्तर देणारा मोजणी विसरायचा. मी म्हशीला कधीच उत्तर दिलं नाही. बरोबर ओळखणाऱ्याला एक चिंचोका. चिंचोके खिशात ठेवायचे आणि घरी भाजून खायचे नाहीत, असा नियम होता. तो मोडणारे पुष्कळ होते.

त्या वर्गात त्रैराशिक, गुणोत्तर, भागाकार कधी आला आणि कधी डोक्यात बसला, ते कळलंही नाही. जी पोरं पुस्तक दिसलं की पोट दुखतं म्हणून घरी जायची, ती शनिवारी शाळा उघडायच्या आधी ओट्यावर बसलेली असायची. ते पाहूनच मला मास्तर व्हावंसं वाटलं. हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं. मला बाजार शिकवायचा होता, पण वर्गात. त्या काळी सातवी पास झाला की खेड्यातल्या शाळेवर मास्तरकी मिळायची.

घरी बोललो.

"सहावी झाली का बस," वडील म्हणाले.

"सातवी करतो."

"काऊन? सातवीत का ज्वारीचा भाव येगळा राह्यते?"

"मास्तर व्हाचं हाये मले."

चुलीजवळून आई हसली. वडील हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "तुहा राग पाह्यला म्या. दुसऱ्याच्या लेकरायवर दया कर."

पण मी कोणाचा मुलगा होतो? मी सोडलं नाही. तीन-चार दिवस घरात घासाघीस चालली. शेवटी वडिलांनी मला समोर बसवलं, खांद्यावरचा पंचा आमच्या हातांवर टाकला आणि म्हणाले, "तुह्या मास्तरच्या बाजारात पह्यला ये. आला तं सातवी. नाई आला तं पोतं उचल." पंच्याखाली त्यांनी माझा पंजा दाबला. मी त्यांचा दाबला. आमच्या घरात याहून पक्कं काही नसतं.

वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या खिशात आणि अत्ताराच्या मुलाच्या खिशात चिंचोके सारखे होते. मास्तरांनी जाहीर केलं की शेवटच्या शनिवारचा सौदा स्वतः ते आणि हेडमास्तर करतील. जो आधी बरोबर दर सांगेल त्याचा पहिला नंबर.

हेडमास्तर आमच्याच गावचे. ज्वारी आणि माप त्यांनी घरून आणलं. तूर मास्तरांची. दोघं समोरासमोर बसले, उपरणं पडलं, हात हलले. हेडमास्तरांनी असा काही चेहरा केला जणू बैल लंगडा निघाला आहे. पोरं हसली. मग उपरणं काढलं आणि मापं सुरू झाली. मास्तरांनी म्हैस काढली, कुणाची तरी आजी काढली, धाडच्या बाजारातली जिलबी काढली. मी डोळे मापांवरून हलवले नाहीत. ज्वारीची बारा, तुरीची नऊ.

पण मी आणखी एक पाहिलं. हेडमास्तर ज्वारी शिगेनं टाकत होते. त्यांनी ठरवून केलं नव्हतं. जन्मभर त्यांच्या हातानं ज्वारी तशीच मापली होती, हात आपोआप तसा चालला. मास्तर मात्र तूर सपाट टाकत होते. ते लोणारकडचे, त्यांच्याकडे ज्वारी काय आणि तूर काय, सगळंच सपाट. त्यांचं शिगेकडे लक्षच नव्हतं. बारा शिगा म्हणजे दीड माप. बारा नव्हेत, साडेतेरा मापं ज्वारी गेली होती, नऊ मापं तुरीला.

"दीडपट!" मी उभा राहून ओरडलो. "तीनास दोन!"

अत्ताराचा मुलगा पाटीवर लिहीतच होता. त्यानं शेवटची रेघ मारली, पाटी वर केली आणि हळूच म्हणाला, "चारास तीन."

मास्तर हसले. "चारास तीन. शाबास. आम्ही बोटं तीच दाबली होती."

मी म्हणालो, "बोटं दाबली असतीन, पण माल तसा नाई गेला."

"माल बारा मापं आणि नऊ मापं गेला. तू मोजलास ना?"

"मोजला. म्हणूनच सांगून राह्यलो. ज्वारीले शीग होती. शीग कुठं गेली मास्तर?"

मास्तरांनी ढिगाकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना कळलं होतं. पण ते म्हणाले, "सौदा बोटांवर झाला. बोटं खोटं बोलतात का?"

"बोटं नाई. माप खोटं बोलून राह्यलं."

इथं मी चूक केली असं लोक म्हणतात. मी म्हणतो, माझं वाक्य खरं होतं, फक्त माप हेडमास्तरांचं होतं. ते उभे राहिले. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा निघाला. "माझं माप खोटं? माझ्या घरचं माप?"

"तुमचं माप खरं हाये जी, तुमची शीग जास्त हाये!"

"म्हणजे मी उधळ्या?"

वर्ग खिदळायला लागला. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि मला म्हणाले, "बरं. शीग आठवा हिस्सा हे तू कशावरून म्हणतोस? मांडून दाखव पाटीवर."

मी खडू घेतला. खडू हातात होता आणि पाटी समोर होती. पण आठवा हिस्सा मी कधी काढलाच नव्हता. तो मला मिळालेला होता, जसं नाक मिळतं तसा.

"माहा बाप सांगते," मी म्हणालो.

यावर जे हसू फुटलं ते मी आजही कोणत्या तरी पोराच्या तोंडावर ओळखू शकतो. रागानं मी खडू फेकला, तो तुरीत पडला. पहिला नंबर अत्ताराच्या मुलाचा झाला. त्याला बोलावून मास्तरांनी पाठीवर थाप मारली. तो परत येताना माझ्याजवळ थांबला, त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही.

संध्याकाळी वडिलांना सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, मधे मधे मान हलवली.

"आठवा हिस्सा तू बरोबर सांगतला?"

"हाव."

"मंग झालं. परवा बाजार हाये, पोतं उचलजो."

सौदा तो सौदा. मी पोतं उचललं. पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तक्रार नाही. धाडच्या पोत्यावरून मी ओट्यावर गेलो, ओट्यावरून गाळ्यात, आणि गाळ्यातून खामगावला कापसाच्या आणि धान्याच्या अडतीत. भांडलो, घासाघीस केली, कोणाचं देणं ठेवलं नाही. आज माझ्या दुकानात बसून लोक माझ्या रागाच्या गोष्टी एकमेकांना सांगतात आणि मी त्या ऐकू येत नाहीत असं दाखवतो.

अत्ताराचा मुलगा सातवी झाला, आणि आमच्याच शाळेत गणिताचा मास्तर झाला. ज्या खुर्चीवर तो बसतो ती माझ्या मापाची होती. सुट्टीत तो जलंबवरून गाडीनं खामगावला येतो, माझ्या दुकानात चहा पितो, आणि दारातून आत पाऊल टाकताना दर वेळी तेच म्हणतो: "क्या सेठ! चारास तीन!"

"तीनास दोन," मी म्हणतो.

"मांडून दाखव."

"चहा पी आन् चूप बस."

मागच्या वेळी त्यानं चहा पिता पिता सहज सांगितलं, "तुह्या शिगेचा खेळ पोरायले लई आवडते."

"कोणत्या शिगेचा?"

"काऊन, तुले माहीत नाई? मास्तर पेन्शनीत जाच्या आधीपासून चालू हाये. पोरं घरून येगयेगळी मापं आणतात. ज्वारी, मूग, राळे, जे भेटलं ते. शिगेनं भरतात, मंग शिगा काढून येगळ्या जमवतात, किती शिगायचं एक माप होते ते पाह्यतात. कोणाचं काही निंघते, कोणाचं काही. भांडणं होतात यार, काय सांगू! तुही आठवण येते."

माझ्या हातातला कप खाली आला. म्हणजे ज्या शिगेसाठी मला हसले, तीच शीग वर्षानुवर्षं त्या वर्गात शिकवतात, आणि मला कोणी एक शब्द सांगितला नाही! "हे मास्तरनं सुरू केलं?" मी विचारलं. "हाव," तो म्हणाला, आणि माझा चेहरा पाहून बिस्कीट न घेताच उठला.

त्याच आठवड्यात मी लोणारला गेलो. मास्तर पेन्शनीत निघून तिथंच घर करून राहिले आहेत. ओट्यावर बसून चिंचा सोलत होते. टोपी तीच, किंवा तिची बहीण. मला पाहून म्हणाले, "ये. आवाज खालच्या आळीतून ऐकू आला. टांगेवाल्याशी भांडलास का?"

"भांडलो नाई. भाव केला."

"तेच." त्यांनी आत पाहून सांगितलं, "चहा टाका. तीनास दोन आलाय."

मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, "मास्तर, शिगेचा खेळ तुम्ही सुरू केला?"

"हो."

"म्हणजे माहं बरोबर होतं."

"नव्हतं," मास्तर म्हणाले. "बस आधी."

मी बसलो. मास्तरांनी चिंचेचं टरफल बोटाला चिकटलेलं काढलं. "त्याच संध्याकाळी मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांची समजूत काढली, ते माप मागून आणलं, आणि अंगणात बसून शिगा मोजल्या. तुझा आठवा हिस्सा चुकीचा निघाला. सहावा भरला."

"कसा भरंल? शीग आठवा हिस्सा राह्यते!"

"तुझ्या बापाच्या मापाची. ते उभट, तोंड लहान. हेडमास्तरांचं बसकं, तोंड रुंद. तोंड रुंद असलं की शीग पसरते आणि उंचही होते. तू एका मापाचं गणित सगळ्या जगाला लावलंस. सहा शिगांचं एक माप, तर बारा शिगांची?"

"दोन," मी म्हणालो. विचारलं की उत्तर तोंडातून जातंच.

"बारा आणि दोन, चौदा. चौदास नऊ. तीनास दोन नव्हे."

मी मनात दोनदा करून पाहिलं. त्यात फट नव्हती. आयुष्यभर मी जे उत्तर छातीवर घेऊन फिरलो ते एका बसक्या मापानं मोडलं. मास्तरीणबाईंनी चहा आणला. तो मी हातात घेतला नाही. पण मी बाजारातला माणूस आहे. समोरच्यानं माझा माल खोटा काढला, तर मी आधी त्याचा तपासतो.

"ठीक हाये. मी चुकलो. आन् चारास तीन?"

"ते बोटांचं उत्तर."

"मालाचं सांगा."

मास्तरांनी तपकिरीची डबी उघडली, बंद केली. "मालाचं म्हणशील, तर तोही चुकला."

"म्हंजे दोघंबी चुकले. मंग पह्यला नंबर कसा काढला? असा सौदा बाजारात मोडतात मास्तर. दोन्ही बाजू परत जातात आन् नव्यानं बसतात."

"मीही मोडला होता," मास्तर म्हणाले. "सोमवारी वर्गात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की पहिला कोणीच नाही, सौदा पुन्हा होईल. तुझी जागा रिकामी होती, म्हणून तो झालाच नाही."

"मी धाडले पोतं घेऊन बसलो होतो!"

"माहीत आहे. शाळा सुटल्यावर मी तिथं आलो होतो."

हे मला माहीत नव्हतं. मी ओट्यावर पुढं सरकून बसलो.

"तू दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी भांडत होतास. तुझ्या वडिलांना म्हटलं, मुलाबद्दल बोलायचं आहे. त्यांनी आधी मला ज्वारी मापून दिली. अशी शीग मी पुन्हा पाहिली नाही, पडता पडता राहिलेली. मग म्हणाले, 'मास्तर, पोरगं कामाचं हाये. लवकर भेटलं.' इतके खूश होते, की..."

"की काय?"

"की मी पिशवी घेतली आणि आलो."

"ज्वारी घेऊन आले."

"हो."

"शिगेसकट."

"शिगेसकट," मास्तर म्हणाले, आणि हसले. त्यांना वाटलं मी पण हसेन. मी चहा तसाच ओट्यावर सोडला आणि निघालो. मागून ते ओरडून म्हणत होते, "अरे, पण तू मास्तर झाला असतास तर पोरांचं काय झालं असतं, विचार कर!"

विचार केला. टांग्यात केला, गाडीत केला, दुकानात गादीवर बसूनही केला. कदाचित पोरांचं बरं झालं असतं, कदाचित कान लांब झाले असते. तो हिशेब कोणी मांडू शकत नाही. वडील गेले, हेडमास्तर गेले. अत्ताराच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "सेठ, त्या सोमवारी मी बी सांगतलं होतं, सौदा पुन्हा करा म्हणून. तू आलाच नाई." मग आता त्याच्याशी काय भांडू? त्याच्याशी भांडायचं कारणच त्यानं काढून घेतलं.

उरले मास्तर. आणि त्यांच्याकडे मागणं एकच आहे. गणित मला मान्य. चौदास नऊ मान्य. शिगेचा खेळ माझ्या भांडणातून निघाला हेही मी सोडून देतो. पोरांचं भलं झालं, होऊ द्या. पण मास्तर, धाडच्या त्या बाजारात तुम्ही माझ्या वडिलांसमोर उभे होतात. वर्गाला सांगितलं होतं तेच त्यांना सांगायचं होतं: तुमचं पोरगं हरलेलं नाही, सौदा मोडला आहे, त्याला परत पाठवा. एवढं एक वाक्य. माझे वडील सौदा मोडणारे नव्हते, पण मोडलेला सौदा पाळणारेही नव्हते. ऐकताच त्यांनी मला पोत्यावरून उठवलं असतं. तुम्ही पिशवी का घेतली, आणि तोंड का उघडलं नाही? चहा नको, चिंचाही नकोत. पुढच्या महिन्यात मी पुन्हा लोणारला येतो आहे. उत्तर तयार ठेवा.